शब्द जवळचे, हक्क वेगळे : 'डिप्रेस्ड' ते 'शेड्युल्ड'



स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी पुस्तकात जवळच्या अर्थाच्या शब्दांचा एक धडा हमखास असतो. वर्सोव्यातल्या वस्त्यांमध्ये आम्ही ज्या मुलामुलींसोबत काम करतो, तीही या जोड्या पाठ करतात, दोन-चार गुणांसाठी. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासात अशाच शब्दांवरून माणसांची संख्या, कायदेमंडळातल्या जागा आणि सवलती ठरल्या आहेत, हे त्या पुस्तकात नसते. 'डिप्रेस्ड', 'बॅकवर्ड', 'अनटचेबल', 'शेड्युल्ड' हे शब्द आज आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. बाबासाहेब मात्र या शब्दांच्या सीमारेषांसाठी सरकारी समित्यांमध्ये भांडले. ते भाषेचे लाड नव्हते. ती हक्कांची लढाई होती.

'डिप्रेस्ड क्लासेस' हा शब्द बाबासाहेबांच्या आधीपासून चालत आला होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 साली मुंबईत स्थापलेल्या मिशनच्या नावातही तो होता. पण सरकारी कागदांत त्याला नेमका अर्थ नव्हता. कधी त्यात अस्पृश्य यायचे, कधी आदिवासी, कधी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमाती. मुंबई सरकारने 1928 मध्ये स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीने 1930 च्या अहवालात घोळ मिटवला. 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणजे फक्त अस्पृश्य, आणि व्यापक वर्गाला 'बॅकवर्ड क्लासेस' म्हणावे. त्या व्यापक वर्गाचे तीन भाग : डिप्रेस्ड क्लासेस, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागास वर्ग.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? 'बॅकवर्ड' म्हणजे मागे राहिलेला. का राहिला, कोणामुळे राहिला, हे तो शब्द सांगत नाही. 'डिप्रेस्ड' म्हणजे दाबला गेलेला. दाबला गेलेला म्हटले की दाबणारा कोण, हा प्रश्न येतोच. म्हणूनच व्यवस्थेला पहिला शब्द नेहमी सोयीचा वाटतो. मराठीतला 'मागासवर्गीय' हा शब्दही तेच काम करतो.

1932 मध्ये मताधिकाराचा विचार करण्यासाठी लॉर्ड लोथियन यांची समिती आली. बाबासाहेब तिचेही सदस्य होते. आता शब्दाच्या व्याख्येवर थेट जागा अवलंबून होत्या. जितके अस्पृश्य मोजले जाणार, तितके त्यांचे प्रतिनिधित्व. मग काही प्रांतांतून अचानक सूर निघू लागला की आमच्याकडे अस्पृश्य फार थोडे आहेत, किंवा नाहीतच! जोवर मोजणीतून काही मिळणार नव्हते, तोवर ही संख्या कोणाला खुपत नव्हती. लोथियन समितीने अखेर स्पष्ट केले की 'डिप्रेस्ड क्लासेस' ही संज्ञा अस्पृश्यांपुरतीच आहे. जे हिंदू केवळ गरीब आहेत किंवा अन्य बाबतीत मागे आहेत, पण अस्पृश्य मानले जात नाहीत, ते तिच्यात येत नाहीत. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

याच समितीला दिलेल्या टिपणात बाबासाहेबांनी आणखी एक भेद दाखवला : शब्दशः अस्पृश्यता आणि मनातली, म्हणजे धारणेतली अस्पृश्यता. प्रत्यक्ष स्पर्श टाळला जात नाही म्हणून अस्पृश्यता संपली, असे होत नाही. आजची मुंबई पाहा. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोत सकाळी खांद्याला खांदा लावून सगळे उभे असतात, कोणी जात विचारत नाही. तोच माणूस भाड्याने खोली शोधायला गेला की आधी आडनाव विचारले जाते, मग 'नुकतीच दिली' असे उत्तर येते. 'आता कुठे राहिली जात?' असे विचारणारे पहिल्या अर्थाकडे बोट दाखवतात आणि दुसरा लपवतात. बाबासाहेबांनी ही पळवाट तेव्हाच बंद केली होती.

'डिप्रेस्ड' या नावावरही ते समाधानी नव्हते. गोलमेज परिषदेत रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासोबत 1931 मध्ये दिलेल्या निवेदनात त्यांनी नाव बदलण्याची मागणी केली. त्यांचा आक्षेप असा, की या नावाने हा समाज दीन आणि असहाय असल्याचा समज होतो. लोथियन समितीच्या टिपणात त्यांनी 'एक्स्टेरियर' किंवा 'एक्स्क्लुडेड' कास्ट्स, म्हणजे बाहेर ठेवलेल्या जाती, असे पर्याय सुचवले. व्याख्या घट्ट हवी, पण नावात दयेची भीक नको, अशी ही भूमिका होती.

1935 च्या कायद्यात 'शेड्युल्ड कास्ट्स' आले. शेड्युल म्हणजे कायद्याला किंवा आदेशाला जोडलेली यादी. या शब्दात ना शिवी आहे, ना कीव. त्याच काळात काँग्रेस 'हरिजन' शब्द पुढे रेटत होती. जानेवारी 1938 मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात हा शब्द आला, तेव्हा भाऊराव गायकवाड आणि बाबासाहेबांनी विरोध केला. सरकार ऐकेना, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. आपले नाव आपल्याला विचारल्याशिवाय ठरवू नका, एवढाच त्याचा अर्थ. 1942 मध्ये स्थापन झालेल्या फेडरेशनच्या नावात बाबासाहेबांनी 'शेड्युल्ड कास्ट्स' घेतले, 'हरिजन' नव्हे.

मात्र यादी ज्याच्या हाती, त्याच्या हाती दारही असते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीला हिंदू धर्माची अट जोडली. 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षा घेतलेल्या लाखो लोकांवर केंद्राच्या सवलती गमावण्याची वेळ आली. माणसे तीच होती, वस्ती तीच होती, गावाचा बहिष्कारही तोच होता. बौद्धांना त्या यादीत जागा मिळाली 1990 मध्ये, तब्बल 34 वर्षांनी.

आता आजच्या जोडीकडे या. संविधानाच्या कलम 46 मध्ये 'वीकर सेक्शन्स', म्हणजे दुर्बल घटक हा शब्द आहे, आणि त्यातही विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचा उल्लेख आहे. 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने 'इकॉनॉमिकली वीकर सेक्शन्स' आणले. विधेयकाचा हेतू सांगताना आधार कलम 46 चाच घेतला. पण 'आर्थिकदृष्ट्या' हे एक विशेषण जोडले गेले आणि ज्यांचे नाव त्या कलमात ठळकपणे आहे, तेच या 10 टक्क्यांतून वगळले गेले. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींमधला गरीब यात बसत नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 मतांनी हे वैध ठरवले. लोथियन समितीने 1932 मध्ये गरिबी आणि अस्पृश्यता यांच्यामध्ये आखलेली रेषा अशी पुसट केली गेली.

काही कार्यकर्ते म्हणतात, नावात काय आहे, रस्त्यावर उतरा. रस्त्यावर उतरायलाच हवे. पण निवेदनात, अर्जात, भाषणात कोणता शब्द लिहायचा हेही कळायला हवे. 'अनुसूचित जाती' ही आपली कायद्यातली जागा आहे, 'दलित' हा संघर्षाचा शब्द आहे आणि 'बौद्ध' ही आपण स्वतः निवडलेली ओळख आहे. या तिन्हींची सरमिसळ करू नका. पुढचा जीआर हाती आला की बातमीवर थांबू नका, मूळ मजकूर मिळवा आणि त्यातल्या शब्दात कोण आत आहे, कोण बाहेर आहे, ते वाचून वस्तीत सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!