होनावरचे ताट आणि तांजियरचा पाहुणा

चौदाव्या शतकातील प्रवाशांच्या लेखनात राजे, लढाया आणि चमत्कार यांना तोटा नाही. रोजचे जेवण मात्र त्यात अभावानेच आढळते. इब्न बतूता या मोरोक्कोच्या मुसाफिराने आपल्या किनाऱ्यावरील एका भोजनाचे जे वर्णन केले आहे, ते म्हणूनच मोलाचे ठरते. तांजियर येथे १३०४ मध्ये जन्मलेला हा धर्मशास्त्री १३३३ मध्ये सिंधूकाठी पोहोचला, महंमद तुघलकाच्या पदरी दिल्लीत काझी झाला आणि १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनला जाण्यासाठी दक्षिणेकडे निघाला.

खाण्यापिण्याकडे त्याचे लक्ष पहिल्यापासूनच होते. मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तूप घेतलेली खिचडी लोक सकाळी खातात, हे त्याने टिपले. कैरीचे लोणचे पाहून त्याला आपल्या देशातील खारवलेली लिंबे आठवली. दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे तो सांगतो. नंदुरबारच्या मराठ्यांचे अन्न भात, भाजी व तिळाचे तेल असून ते स्नान केल्यावाचून जेवत नाहीत, अशीही त्याची नोंद आहे. खानदेशात येऊन ज्वारीची भाकरी त्याच्या नजरेस पडू नये, यावरून त्याची ऊठबस कोणत्या घरांत झाली असावी, हे ताडता येते.

पुढे कालिकतच्या बंदरात वादळाने चीनकडे निघालेली जहाजे फुटली. दिल्लीस तोंड दाखवण्याची सोय उरली नाही. तेव्हा त्याने होनावरचा सुलतान जमालुद्दीन याचा आश्रय घेतला. हा सुलतान विजयनगरच्या हरिहराचा मांडलिक. त्याच्या घरचे जेवण इब्न बतूताने ज्या क्रमाने सांगितले आहे, तो क्रम गोमंतकातील वाचकास परका वाटणार नाही. चौरंगावर तांब्याचे मोठे ताट येई. त्यास तो ‘तालम’ म्हणतो. रेशमी वस्त्र नेसलेली दासी मोठ्या पळीने भात वाढी, त्यावर तूप घाली आणि बाजूस मिऱ्यांचे घोस, ओले आले, लिंबू व आंबा यांची लोणची ठेवी. एक घास भाताचा, मागोमाग थोडे लोणचे. तो भात संपला की दुसरा, त्याबरोबर कोंबडी. मग पुन्हा भात आणि नाना प्रकारचे मासे. त्यानंतर तुपात शिजवलेल्या भाज्या. शेवटी दही. दही आले की आता वाढायचे काही उरले नाही, असे समजावे. वर ऊन पाणी, कारण पावसाळ्यात गार पाणी बाधते.

अशा रीतीने अकरा महिने त्याने रोटीचे तोंड पाहिले नाही. याच सुलतानाच्या बावन्न गलबतांच्या आरमारासह तो सिंदापूरच्या स्वारीतही गेला. अरबांचे हे सिंदापूर म्हणजे गोवे, असे अभ्यासक मानतात.

मात्र तो या मुलखात मिसळून गेला, असे म्हणणे धाडसाचे होईल. मलबारात हिंदू यजमान मुसलमान वाटसरूस आपल्या भांड्यांत जेवू देत नसत. केळीच्या पानावर त्याला भात व कालवण वाढले जाई. हे त्याने कोणताही त्रागा न करता लिहिले आहे. मालदीव बेटांत तो काझी झाला, तेथे त्याने लग्ने केली. पण तेथील स्त्रियांनी अंगभर वस्त्र घ्यावे, हा त्याचा हुकूम कोणी मानला नाही. परक्याचे अन्न त्याने जितक्या सहज स्वीकारले, तितक्या सहज परक्याचा पेहराव त्याला स्वीकारता आला नाही.

अन्नाचीही कसोटी लागलीच. मालदीव, सिंहलद्वीप, चोलमंडल व मलबार येथे मिळून तीन वर्षे निव्वळ भातावर काढल्यावर तो पाण्याच्या घोटाबरोबरच घशाखाली उतरे, अशी कबुली त्याने दिली आहे. ही कबुली आणि होनावरच्या ताटाचे वर्णन एकाच ठिकाणी येते. १३५५ मध्ये मोरोक्कोत इब्न जुझय्य या लेखनिकाने त्याच्या प्रवासाचा वृत्तांत लिहून पुरा केला, तेव्हा होनावर सोडून दहा वर्षे उलटली होती. तरी कोंबडीनंतर मासे आणि सर्वांत शेवटी दही, हा क्रम सांगताना तो चुकला नाही.