कष्ट आणि कवायत

शाळेत मुलांना रोज व्यायाम सक्तीचा असावा असे म्हटले, की भोर-वेल्ह्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो : "आमची पोरं डोंगर तुडवून शाळेत येतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न कष्टकऱ्याचा आहे, त्याला टाळून चालणार नाही.

पंतसचिवांच्या भोर संस्थानात तालुक्यांना राजगड, प्रचंडगड अशी गडांची नावे होती. वेल्हे तालुक्यालाही आता राजगड हेच नाव मिळाले आहे. पण गडांच्या नावाने मुले बळकट होत नाहीत.

व्यायामाची सक्ती शेजारच्या औंध संस्थानात एकदा होऊन गेली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. ते स्वतः नमस्कार घालीत. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नको. परंतु ती राजाज्ञा होती. ८ मार्च १९४८ रोजी औंध आणि भोर दोन्ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. राज्य गेले, तिथे राजाची आज्ञा कोठून उरणार?

दुसरी सक्ती गिरणीतली. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले आणि मध्ये तासभर विश्रांती दिली. मोठ्या कामगारांच्या तासांना त्यात मर्यादा नव्हती. त्यांची रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १८९० साली पदरात पडली. यातले मर्म असे की, तो विश्रांतीचा तास मालकावर सक्तीचा होता, मुलावर नव्हे.

आता त्या मूळ प्रश्नाकडे वळू. माझे आयुष्य हमालांत गेले. मावळातून बाजारात ओझी वाहायला आलेली माणसे मी पाहतो. कष्टाने प्रकृती सुधारत असती, तर हमालाइतका निरोगी माणूस शहरात सापडला नसता. प्रत्यक्षात चाळिशीतच त्याची कंबर धरते. ओझे एकाच अंगाला राबवते. खेळ सगळ्या अंगाला वाढवतो, आणि मन हलके करतो. पाण्याची कळशी आणणाऱ्या मुलीला म्हणूनच खेळाचा तास अधिक हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी असे सांगितले. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मैदान आहे, खेळाचे साहित्य आहे. पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक त्याने सहावी ते आठवीला दिला, तोही पट शंभरावर असेल तरच. पहिली ते पाचवीच्या साठ मुलांमागे शिक्षक दोन. डोंगरातल्या छोट्या शाळेच्या वाट्याला मग काय येणार?

म्हणून सक्ती जरूर करा. पण ती आधी सरकारवर करा. सपाट मैदान, पावसाळ्यात छप्पर, शिकवणारा माणूस आणि पोटभर जेवण एवढे द्या. मग मुलांना खेळायला लावावे लागणार नाही. घंटा झाली तरी ती मैदान सोडणार नाहीत.