अभिनंदन की जाहिरात?

‘मोमेंट मार्केटिंग’ हा शब्द आपल्या कानावर आला समाजमाध्यमांमुळे, पण चाल जुनी आहे बरं का. १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी आणली. पुढे मुंबईत जे चर्चेत असे, ते तिच्या होर्डिंगवर दिसू लागलं. मात्र होर्डिंग हातानं रंगवायचं, वर चढवायचं. त्यात दिवस जात आणि विचारालाही सवड मिळे.

मोबाइलनं ती सवडच काढून घेतली. १ ऑगस्ट २०२१ ला पी. व्ही. सिंधूनं टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि तिच्याशी कसलाही करार नसलेल्या ब्रँड्सनी तिचं नाव, फोटो आणि शेजारी आपला लोगो अशा पोस्ट टाकल्या. दिसायला अभिनंदन! मग रीतसर पैसे मोजून करार करणाऱ्यांनी काय करायचं? सिंधूचं व्यावसायिक काम पाहणाऱ्या बेसलाइन व्हेंचर्सनं कायदेशीर नोटिसा धाडल्या. आम्हाला त्या रास्त वाटतात. खेळाडूची कमाईची वर्षं मोजकीच असतात, आणि तेवढ्या काळात नाव हीच तिची मिळकत. त्या पोस्ट कौतुकानं पुढे पाठवणारे मात्र आपणच होतो. कोपऱ्यातला लोगो तेव्हा कुणी पाहिला?