रेल्वेचा हजेरीपट आणि हृद्रोग

ठाण्याची खाडी ओलांडून गाडी कळव्यांत शिरली म्हणजे रेल्वेची कारशेड लागते. मुंबईच्या लोकल गाड्या धुण्यासाठीं, तपासण्यासाठीं आणि दुरुस्तीसाठीं तेथें येऊन उभ्या राहतात. १८५३ सालच्या एप्रिलांत बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धांवली, आणि पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, तो मार्ग खाडीवरून कल्याणपर्यंत जाऊन पोंचला. तेव्हांपासून या गांवाचें आयुष्य रुळांना बांधलें गेलें आहे. आज तेथें राहणारा मनुष्य कारशेडमधला फिटर असो कीं मुंबईच्या कचेरींतला कारकून असो, त्याचा दिवस गाडीनें उगवतो आणि गाडीनेंच मावळतो. अशा वस्तींत पंचेचाळिशीचा एखादा गृहस्थ हृदय बंद पडून अचानक गेला म्हणजे शेजारीपाजारी ठरलेला उद्गार काढतात: “अंगानें तर सडपातळ होता. तूपलोणीही बेतानेंच खाई. त्याला असें कसें झालें?”

या प्रश्नांत एक समजूत दडलेली आहे. हृद्रोग हा लठ्ठ, सुखवस्तु आणि चांगलेंचुंगलें खाणाऱ्या माणसाचा रोग, ही ती समजूत. ती आपण कोठून घेतली आणि आपल्या लोकांना ती लागू पडत नाहीं हें कसें कळून आलें, याचा वृत्तांत आज सांगावयाचा आहे. त्यांतील एक मोठा धागा रेल्वेच्याच दप्तरांतून निघतो, म्हणून आरंभ कळव्यापासून केला.

समजूत फार जुनी नाहीं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत फ्रॅमिंगहॅम नांवाचें एक शहर आहे. १९४८ सालीं तेथील ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद करून त्यांना दर दोन वर्षांनीं तपासण्याचें काम सुरू झालें. यांपैकीं कोणाला पुढें हृद्रोग होतो, आणि त्याच्या ठिकाणीं आधीं काय काय आढळलें होतें, हें टिपून ठेवावयाचें, इतकीच मूळ कल्पना. त्यांतून वाढलेला रक्तदाब, रक्तांतील कोलेस्टेरॉल, धूम्रपान हीं कारणें पुढें आलीं, आणि १९६१ सालीं त्यांना ‘जोखमीचे घटक’ या अर्थाचें नांव पडलें. त्या आधीं १९५३ सालीं डॉ. जेरी मॉरिस यांनीं लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांची नोंद तपासून दाखविलें होतें कीं, दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकापेक्षां जिन्यावरून सतत वरखालीं करणाऱ्या कंडक्टरला हा रोग कमी होतो. दोन्ही कामें थोर होत. परंतु फ्रॅमिंगहॅमचे ते लोक जवळजवळ सारे गोरे होते, आणि त्यांच्या अंगावर बेतलेला सदरा जगांतील सर्व माणसांना बसेल असें पुढें बरींच वर्षें गृहीत धरलें गेलें.

आपल्याकडे त्या काळीं या विषयांत कोणी लक्ष घालीत नव्हते असें मात्र नाहीं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें सर्पगंधेच्या मुळीनें चढलेला रक्तदाब उतरतो हें आपल्या रुग्णांवरील अनुभवासह प्रसिद्ध केलें. अवघ्या चार वर्षांपूर्वीं, १९४५ च्या एप्रिलांत, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट वाढलेल्या रक्तदाबापायीं मेंदूंत रक्तस्राव होऊन वारले होते, आणि त्यांच्या वैद्यांजवळ गुणकारी म्हणावें असें औषध नव्हतें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे वकिलांना १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक कां मिळालें तें उमगतें. पण औषध सांपडणें निराळें, आणि रोग कोणाला, कोठें व कां होतो हें मोजणें निराळें. मोजण्यासाठीं आधीं माणसांची यादी लागते.

अशी एक यादी आपल्या देशांत आयती तयार होती. ती रेल्वेच्या नोकरांची. अमृतसरचा खलाशी असो कीं मद्रासचा कारकून, धनी एकच, पगाराच्या श्रेणी एकच आणि दवाखानेही रेल्वेचेच. प्रत्येकाचें वय, हुद्दा आणि कामाचें स्वरूप कागदावर लिहिलेलें. नोकर वारला तर त्याची नोंद झाल्यावांचून राहत नाहीं, कारण घरच्यांना फंडाचे पैसे द्यावयाचे असतात. मुंबईंत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनीं या दप्तराचें मोल ओळखलें. १९५८ ते १९६२ या पांच वर्षांतील मृत्यूंची त्यांनीं छाननी केली. नोकरांची संख्या होती सुमारें साडेअकरा लाख. त्यांचा निबंध १९६७ सालीं त्याच ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें आला.

त्यांत जें निघालें तें कोणाच्याच अपेक्षेप्रमाणें नव्हतें. दक्षिणेकडील नोकरांत हृदयाच्या रोहिण्या कोंडून होणारा हा रोग पंजाबी नोकरांच्या सातपट आढळला. मरणाऱ्याचें सरासरी वय दक्षिणेंत ४४, उत्तरेंत ५२. आतां खाण्याकडे पाहावें, तर पंजाबी मनुष्याच्या जेवणांतील स्निग्धांश दक्षिणेकडील माणसाच्या आठ ते एकोणीस पटींपर्यंत भरला! शिवाय पंजाब्याचा स्निग्धांश बहुतेक दुधातुपाचा, तर दक्षिणेकडील माणसाचा बियांच्या तेलाचा. म्हणजे युरोप-अमेरिकेचा नियम खरा मानला तर जो आधीं मरावयास हवा होता तो जगत होता, आणि भातसांबारावर राहणारा चव्वेचाळिसाव्या वर्षीं जात होता.

मल्होत्रांनीं याचा उलगडा दुधांतील स्निग्ध पदार्थांच्या निराळ्या घडणींत शोधला. अन्न चावून खाण्याच्या संवयीलाही त्यांनीं महत्त्व दिलें. हा उलगडा पुढें सर्वमान्य झाला नाहीं. निबंधांत उणिवाही आहेत. मृत्यूचें कारण त्या त्या ठिकाणच्या डॉक्टरनें लिहिलेलें, आणि सर्वच डॉक्टर हा रोग सारख्याच तत्परतेनें ओळखीत असतील असें धरतां येत नाहीं. तुपाची तरफदारी करणारी मंडळी आजही या निबंधाचा आधार घेतात, तेव्हां त्यांना पुढचा इतिहास सांगावासा वाटतो. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या पाहणींत शहरांतील प्रौढांत हृद्रोगाचें प्रमाण हजारीं सुमारें ९७ निघालें, आणि जवळच्या खेड्यांत हजारीं सुमारें २७. तूप दोन्हीकडे उत्तरेचेंच. फरक पडला तो शहरानें. तरीही मल्होत्रांचें श्रेय कमी होत नाहीं. दुसऱ्याच्या देशांत बेतलेला नियम आपल्या माणसांवर घालून पाहण्यापूर्वीं आपलीं माणसें मोजावीं लागतात, हें त्यांनीं साडेअकरा लाखांच्या नोंदीनें दाखवून दिलें.

हाच धडा आपल्या शेजारच्या एका मोठ्या राष्ट्रालाही घ्यावा लागला. १९३८ सालीं पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकविण्यास गेलेले डच वैद्य इसिडोर स्नॅपर यांना तेथें हृद्रोग अगदीं विरळा दिसला, आणि त्यांनीं १९४१ च्या आपल्या ग्रंथांत त्याचें कारण चिनी आहारांत पाहिलें. ती स्थिति टिकली नाहीं. १९८४ ते १९९९ या पंधरा वर्षांत बीजिंगमध्यें या रोगानें होणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण पुरुषांत सुमारें ५० आणि स्त्रियांत २७ टक्क्यांनीं वाढलें. वाढीचा मोठा वांटा संशोधकांनीं रक्तांत चढलेल्या कोलेस्टेरॉलला दिला. मग चिनी संशोधकांनीं फ्रॅमिंगहॅमचें गणित आपल्या अकरा प्रांतांतील तीस हजारांवर माणसांना लावून पाहिलें. २००४ सालीं त्यांनीं निष्कर्ष छापला कीं, तें गणित चिनी माणसाचा धोका आहे त्याहून फुगवून सांगतें. त्यांनीं तें टाकून दिलें नाहीं. आपल्या आंकड्यांनीं दुरुस्त करून घेतलें. उंची आणि वजन यांच्या मेळावरून लठ्ठपणा ठरविण्याच्या मापांतही त्यांनीं २५ आणि ३० हे पाश्चात्त्य आंकडे सोडून २४ आणि २८ हे स्वतःचे ठरविले. पुढें थांगशानच्या कोळशाच्या खाणींतील एक लाखावर कामगारांची व निवृत्तांची तपासणी २००६ सालीं सुरू झाली. आमच्या रेल्वेचा हजेरीपट, त्यांचा खाणींचा.

आपल्या लोकांची तऱ्हा मात्र चिनी लोकांच्या उलट निघाली. बावन्न देशांतील सुमारें तीस हजार माणसांच्या ज्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००४ सालीं आले, तींत दक्षिण आशियांतील माणसाला हृद्विकाराचा पहिला झटका येण्याचें मध्य वय ५३ निघालें, इतरांचें ५९. कारणें जगभर तींच होतीं. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, बिघडलेली चरबी. आपल्याकडे तीं लवकर गोळा होतात, एवढाच भेद.

तंबाखूचा विषय निघाला म्हणून मुंबईंत केलेल्या आणखी एका मोजणीचा उल्लेख करतों. १९९१ ते १९९७ या काळांत डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या चमूनें मतदारांच्या याद्या घेऊन मुंबईंतील पस्तिशीवरील १,४८,१७३ माणसांच्या घरोघर जाऊन नोंदी केल्या. बड्या इमारतींच्या दाराशीं पहारेकरी असल्यामुळें तेथें शिरकाव करणें कठीण, म्हणून ती वस्ती वगळावी लागली. शास्त्राला गरिबाचें दार अधिक लवकर उघडतें असें म्हणावें लागेल. पुढें त्यांतील मृत्यूंचा हिशेब केला, तेव्हां तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषाच्या तुलनेंत सिगारेट ओढणाऱ्याचा मृत्यूचा धोका १.३७ पट, आणि बिडी ओढणाऱ्याचा १.६४ पट ठरला. बिडी ही सौम्य, देशी, निरुपद्रवी, हा भ्रम त्या आंकड्यानें फोल ठरला.

आतां सुरुवातीच्या सडपातळ गृहस्थाकडे वळूं. त्याचें कोडें सोडविण्यास सर्वांत जवळ आले ते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक. इंग्लंडांत डॉ. डेव्हिड बार्कर यांनीं जन्मवेळीं कमी वजन असलेल्या मुलांना उतारवयांत हृद्रोग अधिक होतो असें दाखविलें होतें. त्या धाग्यावरून याज्ञिकांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर होणाऱ्या स्त्रियांची नोंद सुरू केली. तेथें जन्मलेल्या मुलांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, इंग्रज मुलाचें सुमारें ३.५. हात बारीक, पोट बारीक, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारच थोडी घटलेली. मूल किडकिडीत आणि तरीही चरबीदार, असा हा विलक्षण प्रकार. २००४ सालीं याज्ञिकांनीं स्वतःवरच त्याचें प्रात्यक्षिक केलें. ‘लॅन्सेट’मध्यें ते आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. उंचीवजनाचें माप दोघांचें अगदीं सारखें, २२.३. शरीरांतील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

काट्यावर जो सडपातळ ठरतो तो आंतून सडपातळ असतोच असें नाहीं, हें या दोन छायाचित्रांइतकें स्पष्ट आणखी कशानें झालें असतें असें मला वाटत नाहीं. आशियाई लोकांसाठीं जोखीम २३ पासूनच धरावी, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा अभिप्रायही त्याच वर्षीं आला.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतील मुलें आतां तिशीच्या आसपास आहेत. तीं अठरा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांना पुन्हां बोलावून रक्तांतील साखर तपासली गेली. मुलांपैकीं सुमारें ३७ टक्के आणि मुलींपैकीं सुमारें १८ टक्के यांची साखर बिघडलेली आढळली. आणि तपासणीला आलेल्यांपैकीं जवळजवळ निम्मीं वजनाच्या मापानें अशक्त याच सदरांत मोडत होतीं.