बारडोलीच्या म्हशी

शेतसाऱ्याच्या इतिहासात मुक्या जनावराची नोंद होते ती बहुधा दोनच ठिकाणी : जमाबंदीच्या तक्त्यात आणि थकबाकीच्या जप्तीत. सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्यात म्हैस या दोन्ही ठिकाणी एकापाठोपाठ एक येऊन उभी राहिली, आणि 1928 सालच्या ज्या सत्याग्रहाने वल्लभभाई पटेलांचे नाव देशभर झाले, त्या सत्याग्रहाचा केवढा तरी भार तिने वाहिला. राजकीय वृत्तांतांतून तिचा उल्लेख ओझरता येतो. मला मात्र तिचा आणि तिला जपणाऱ्या हातांचा विचार स्वतंत्रपणे व्हावा असे वाटते.

गुजरातेतील सुरती म्हैस मध्यम बांध्याची, विळ्यासारख्या वळणाच्या चपट्या शिंगांची, आणि गळ्याखालच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांवरून सहज ओळखू येणारी. तिचे दूध स्निग्ध, आणि म्हणूनच तिच्या तुपावर शेतकऱ्याच्या घरातील पुष्कळसा वरखर्च भागे. म्हैस स्वभावाने शांत, परंतु सवयीची मोठी बांधील. ठरल्या वेळी, ओळखीच्या हाताने धार काढली तर ती सुखाने पान्हा सोडते, परका हात लागला की दूध चोरते. तिच्या काळ्या कातडीत घर्मग्रंथी थोड्या असल्यामुळे वैशाखातील ऊन तिला सोसवत नाही, आणि दुपारी पाण्यात किंवा चिखलात डुंबावयास मिळणे ही तिची चैन नसून गरज असते.

बारडोलीच्या शेतसाऱ्याचा बंदोबस्त 1896 साली झाला होता. त्याची तीस वर्षांची मुदत संपत आली तेव्हा डेप्युटी कलेक्टर जयकर यांनी फेरआकारणी करून साऱ्यात सुमारे 30 टक्के वाढ सुचविली. ताप्ती व्हॅली रेल्वे, शेतमालाचे चढलेले भाव, वाढलेली वस्ती यांच्या जोडीला दुभत्या जनावरांची वाढलेली संख्या हेही तालुक्याच्या सुबत्तेचे गमक म्हणून मांडले गेले. ज्या म्हशीच्या तुपावर कुणबी शेतीतील तूट भरून काढीत असे, तीच म्हैस अशा रीतीने त्याच्या श्रीमंतीची साक्षीदार ठरली! मुंबई सरकारने जुलै 1927 मध्ये वाढ 22 टक्क्यांवर आणली. परंतु निःपक्षपाती चौकशीवाचून वाढीव सारा भरावयाचा नाही, असा ठराव रयतेने 12 फेब्रुवारी 1928 रोजी केला, आणि वसुलीसाठी सरकारने जप्तीचे हत्यार उपसले.

जमीन खालसा केल्याची नोटीस दारावर डकवता येते, पण जमीन उचलून नेता येत नाही, आणि तिला गिऱ्हाईकही लवकर मिळत नाही. म्हैस मात्र दावे सोडले की चालू लागते, ठाण्यात बांधून ठेवता येते आणि लिलावात पुकारता येते. म्हणून जप्तीदारांची आणि त्यांच्या दिमतीला आणलेल्या पठाणांची दृष्टी प्रथम गोठ्याकडे वळली. आपल्याकडे धनगराच्या वाड्यावर लांडग्यापासून मेंढरे राखावयास कुत्री असतात. पिल्लूपणापासून कळपाबरोबर वाढलेले, मालकाच्या भाकरीतला वाटा खाणारे ते जनावर रात्रीच्या चाहुलीने भुंकून उठते आणि त्याच्या भरवशावर धनगर डोळे मिटतो. बारडोलीतील धोका मात्र सरकारी हुकमाने, दिवसाढवळ्या आणि पंचांना बरोबर घेऊन येत असे, कुत्र्याच्या भुंकण्याने तो हटणारा नव्हता. तेव्हा ही राखण गावांनी आपल्याच अंगावर घेतली. गावाच्या तोंडाशी पहारे बसले, पोरे झाडांवर चढून वाट न्याहाळू लागली, आणि जप्तीची माणसे दिसताच ढोल वाजून घरोघरची दारे आतून बंद होऊ लागली.

त्या बंद दारांआड काय चालले होते, याचे चित्र कन्हैयालाल मुनशींनी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांना लिहिलेल्या पत्रात आहे. मुनशी त्या वेळी मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद होते. त्यांच्या हिशेबाने 40,000 स्त्री-पुरुष आणि मुले आपल्या गुरांसह तीन महिन्यांहून अधिक काळ लहानशा घरांत कोंडून राहिली होती. ओस दिसणाऱ्या गावांतून ते जात असता बायका गजांआडून डोकावून पाहत, आणि हा जप्तीचा अंमलदार नव्हे अशी खात्री पटल्यावरच दार उघडीत. आत काळोख, दुर्गंधी, आणि ज्या खोलीत माणसे त्याच खोलीत जखमांनी व रोगाने फिकट पडलेली जनावरे!

डुंबणे बंद, चरणे बंद, खुंट्याभोवतीची जमीन शेणमुताने ओली, जखमांवर माशा, अशा स्थितीत म्हैस जगवणे म्हणजे काय, हे गोठ्यात हात घातलेल्यालाच कळेल. वैरण आणि पाणी तिच्या तोंडाशी न्यावयाचे, शेण वेळोवेळी उचलावयाचे, अंगावर पाणी शिंपडावयाचे, आणि हे सर्व स्वयंपाकाच्या चुलीपासून चार हातांवर. ही कामे घरोघर मुख्यत्वे बायकांची. मीठूबेन पेटिट, भक्तिबा देसाई आणि मणिबेन पटेल या सत्याग्रहाच्या कार्यकर्त्यांनी त्या स्त्रियांमध्ये जे कार्य केले, त्याला इतके भरघोस फळ यावे याचे एक कारण मला येथे दिसते.

पुण्याच्या भारत सेवक समाजातर्फे हृदयनाथ कुंझरू, श्रीधर गणेश वझे आणि अमृतलाल ठक्कर यांनी तालुक्यात फिरून चौकशीची मागणी रास्त ठरविली. ऑगस्टमध्ये समेट झाला. आणि पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांनीच चौकशी करून 1929 साली वाढ सुमारे 6 टक्क्यांपुरती योग्य असल्याचा निर्वाळा दिला. यांपैकी ब्रूमफील्ड हे 1922 मध्ये अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा ठोठावणारे न्यायाधीश होत.

या यशाचे श्रेय वल्लभभाईंच्या संघटनचातुर्याला आहेच. परंतु संघटनेला लागणारे धैर्य सभांतील भाषणांनी एका रात्रीत निर्माण होत नसते. पहाटे उठून धार काढणे, आजारी जनावराजवळ रात्र जागणे, स्वतःच्या घासाआधी गव्हाणीत वैरण टाकणे, ही नित्याची शिस्त ज्यांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरली होती, त्यांनाच तीन महिने काळोखात तग धरणे साधले. बारडोलीच्या लढ्याची गणना करताना खालसा झालेल्या जमिनींबरोबर या गोठ्यांतील कष्टांचीही जमा धरली पाहिजे. कारण सत्याग्रहाची सहनशीलता त्या तालुक्याला कोणी नव्याने शिकविली नव्हती, ती त्याच्या घराघरांत आधीपासून नांदत होती.