दोन तोंडांचा साप आणि जाहिजचे प्रश्न

मांडूळ सापाच्या तस्करीच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असतात. पोत्यात किंवा प्लास्टिकच्या डब्यात कोंडलेला साप, त्याच्यासाठी लाखो रुपये मागणारी टोळी आणि गिऱ्हाईक बनून गेलेले पोलीस, असा त्या बातमीचा साचा ठरलेला आहे. मांडुळाला दोन तोंडं असतात, तो सहा महिने एका तोंडाने आणि सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो, तो घरात ठेवला की गुप्तधन सापडतं, या समजुतींवर हा सगळा धंदा उभा आहे. या समजुतींना धर्माची सीमा नाही. हिंदूंच्या घरात त्या सांगितल्या जातात, तशा आपल्या मोहल्ल्यांतही सांगितल्या जातात.

दोन तोंडांच्या सापाची गोष्ट मात्र फार जुनी आहे. सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी ती इराकमधल्या बसरा शहरात एका लेखकापर्यंत पोहोचली होती. त्याचं नाव अल-जाहिज. अब्बासी खिलाफतीच्या काळातला हा मोठा अरबी गद्यकार इसवी सन 868-69 च्या सुमारास वारला. त्याने प्राण्यांवर ‘किताब अल-हयवान’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. अ‍ॅरिस्टॉटलचं प्राण्यांवरचं लेखन तोवर अरबीत आलं होतं आणि जाहिजने ते बारकाईने वाचलं होतं. पण मोठ्या माणसाने लिहिलं म्हणून खरं, हे त्याला मान्य नव्हतं.

अ‍ॅरिस्टॉटलने दोन डोक्यांच्या सापाचा उल्लेख केला आहे. जाहिजने याबद्दल वाळवंटातल्या एका बेदुइनाला विचारलं. तो म्हणाला, अगदी खरं आहे. जाहिज तिथे थांबला नाही. असा साप कोणत्या डोक्याकडून पुढे सरकतो? खातो कोणत्या तोंडाने? चावतो कोणत्या तोंडाने? बेदुइनाकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. तो साप सरपटत नाही, वाळूत खेळणाऱ्या पोरांसारखा लोळत जातो. दुपारचं जेवण एका तोंडाने करतो, रात्रीचं दुसऱ्या. चावताना मात्र दोन्ही तोंडं वापरतो. हे सगळं लिहून घेतल्यावर जाहिजने निष्कर्ष काढला, की हा माणूस पक्का खोटारडा आहे.

दुपारी एक तोंड, रात्री दुसरं, आणि आपल्याकडे सहा महिने एक, सहा महिने दुसरं. थाप तीच आहे, फक्त वेळापत्रक बदललं आहे.

जाहिजच्या ग्रंथातही ऐकीव गोष्टी भरपूर आहेत. त्याला आजच्या अर्थाने शास्त्रज्ञ ठरवायची घाई मी करणार नाही. तरी त्याच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ऐकलेल्या गोष्टीला ‘कसं?’ हा प्रश्न तो लावतो. मांडुळाला हाच प्रश्न लावून पाहा. त्याची शेपटी आखूड आणि बोथट असते, म्हणून ती डोक्यासारखी दिसते. धोका वाटला की तो डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपटी पुढे करतो, म्हणजे घाव डोक्यावर बसत नाही. शत्रूला फसवायची ही त्याची युक्ती आहे आणि तिला माणूसही फसला. मांडूळ बिनविषारी आहे, बहुतेक वेळ मऊ मातीत राहतो आणि शेतातले उंदीर खातो. त्याची मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. दोन डोक्यांचे साप क्वचित जन्माला येतात हे खरं, पण ते जन्मतः आलेलं व्यंग असतं आणि दोन्ही डोकी एकाच टोकाला असतात.

मांडुळाचं शास्त्रीय वर्णन 1801 मध्ये पॅट्रिक रसेल याने केलं. हा स्कॉटिश डॉक्टर आधी बरीच वर्षं सीरियातल्या अलेप्पो शहरात होता, नंतर ईस्ट इंडिया कंपनीसाठी मद्रास इलाख्यात आला. घोणसाला इंग्रजीत त्याचंच नाव आहे. विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता हे लोकांना ओळखता यावं, यासाठी त्याने साप गोळा केले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि 1796 मध्ये भारतीय सापांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. विष तपासायला त्याने कोंबड्या आणि कुत्रे वापरले, हे आज आपल्याला पटणार नाही. पण साप जवळ बाळगण्यामागचा त्याचा हेतू माहिती मिळवण्याचा होता. पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत सापांच्या विषापासून प्रतिविष तयार करण्याचं काम झालं. तिथले डॉ. पी. जे. देवरस यांनी भारतीय सापांवर सर्वसामान्यांसाठी पुस्तक लिहिलं.

छंद म्हणून सुरू झालेलं काम किती पुढे जाऊ शकतं याचं उदाहरण रोम्युलस व्हिटेकर यांचं आहे. लहानपणापासून साप बाळगणाऱ्या या माणसाने आधी मद्रासला सर्पोद्यान काढलं. 1976 मध्ये शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठी मगरींच्या पैदाशीचं केंद्र उभं राहिलं. इरुळा आदिवासी पूर्वी कातड्याच्या व्यापारासाठी साप पकडत. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नंतरची निर्यातबंदी यांमुळे तो धंदा बंद झाला. 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. आता ते परवान्याने साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि साप परत जंगलात सोडतात. हात तेच, कसबही तेच. फरक एवढाच की आता साप जिवंत परत जातो आणि त्याच्या विषापासून बनलेल्या औषधाने साप चावलेली माणसं वाचतात.

मगरींच्या केंद्राने आणखी एक धडा दिला. मगरीचं पिल्लू नर होणार की मादी हे अंडी उबवतानाच्या तापमानावर ठरतं. 28 ते 31 अंश सेल्सिअसला माद्या होतात, 32.5 च्या आसपास नर. असे अभ्यास बंदिस्त पैदाशीमुळेच शक्य झाले. पण पैदास इतकी यशस्वी झाली, की मगरी हजारांवर गेल्या. त्यांना सोडायला सुरक्षित नद्या आणि तलाव पुरेनात. 1990 च्या दशकात त्यांना निसर्गात सोडणं थांबलं आणि केंद्राकडे मगरींची गर्दी राहिली. अंडी उबवणं जमतं, पण पिल्लं जाणार कुठे, हा प्रश्न आधी विचारायला हवा. घरातल्या खोलीत पाली किंवा अजगरांची पैदास करू पाहणाऱ्या हौशी माणसालाही तो तितकाच लागू आहे.

आज हा छंद आपल्या शहरांत पसरतो आहे. आमच्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाने मला मध्यंतरी विचारलं, ‘चाचा, इग्वाना घेऊ का?’ मी त्याला कायदा सांगितला. भारतातले साप, घोरपड किंवा पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. हे कासव तर जमिनीवर राहणारं आहे. लोक ‘बरकत येते’ म्हणून ते पाण्याच्या टाकीत सोडतात आणि ते बुडून मरतं. आंतरराष्ट्रीय करारात असलेल्या परदेशी प्राण्यांसाठी 2022 ची कायदादुरुस्ती आणि 2024 चे नियम आले. प्राणी कुठून आला, त्याला पिल्लं झाली का, तो कुणाला दिला, मेला का, याची सरकारकडे नोंद करावी लागते. काहींना ही कटकट वाटते. मला ती या छंदाची पहिली अट वाटते.

दुसरी अट आपल्या वाचकांना नवी नाही. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खायला न देणाऱ्या आणि स्वतःचं भक्ष्य शोधायला मोकळंही न सोडणाऱ्या बाईची हदीस बुखारी आणि मुस्लीम या दोन्ही संग्रहांत आहे. त्या बाईला त्याबद्दल शिक्षा झाली. कोंडलेल्या जिवाची सगळी गरज कोंडणाऱ्याच्या अंगावर येते, हा त्याचा अर्थ. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत ही गरज मोठी आहे. त्यांच्या शरीराची ऊब बाहेरून येते, म्हणून उबेची आणि सावलीची अशा दोन्ही जागा लागतात. इग्वाना चार-पाच फुटांपर्यंत वाढतो. काही कासवं मालकापेक्षा जास्त जगतात. आणि ही जनावरं ओरडत नाहीत, त्यामुळे त्यांचे हाल घरात कुणाला ऐकू येत नाहीत.

म्हणून मी त्या मुलाला म्हणालो, आधी वर्षभर घरातली पाल बघ. ती कोणत्या महिन्यात अंडी घालते, दिव्याजवळ किती वाजता येते, थंडीत कुठे जाते, हे वहीत लिही. त्याला पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही आणि कुणाला कोंडावंही लागत नाही. वर्षभरानंतरही हौस टिकली, तर परदेशी प्राण्याची कागदपत्रं मागायला शीक.

आणि कुणी मांडूळ विकायला आला, तर जाहिजसारखं विचारा, कोणत्या तोंडाने खातो? त्याचं उत्तर ऐकून घ्या आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.