नगरच्या मुलींच्या शाळा आणि शून्याचा गुणाकार

सामाजिक प्रश्नाचे गणित मांडता येते का? स्त्रीशिक्षणातील अडथळ्यांचे उदाहरण घेऊन आपण हे तपासू. त्यासाठी अहमदनगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलींना शाळेत न पाठवण्याची अनेक कारणे होती. त्यांतले एक असे : पुरुष शिक्षकाकडे मुलगी पाठवायला पालक कचरत. शिक्षिका हव्यात, तर शिकलेल्या स्त्रिया हव्यात. आणि स्त्रिया शिकायच्या, तर मुली शाळेत यायला हव्यात. अडथळ्यांचे हे वर्तुळच झाले.

आता समीकरण मांडू. एका पिढीतील शिक्षिकांची संख्या 'श' मानू. प्रत्येक शिक्षिकेच्या हाताखाली सरासरी 'ग' नव्या शिक्षिका तयार होत असतील, तर पुढील पिढीतील शिक्षिका = ग × श. श शून्य असेल, तर ग कितीही मोठा घेतला तरी उत्तर शून्यच! म्हणजे पहिली शिक्षिका या वर्तुळाबाहेरून यावी लागते.

इतिहासात तसेच घडले. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या. १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी नगरला मुलींच्या शिक्षणाचे काम केले. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरीच शिकवले; हीसुद्धा वर्तुळाबाहेरची वाट. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फॅरारबाईंकडेही घेतले. फुल्यांची पुण्यातील मुलींची शाळा १८४८ ची. 'श' आता शून्य राहिला नव्हता.

पण तेवढ्याने भागत नाही. 'ग' हाही एक गुणाकारच आहे. समजा, एका शिक्षिकेने ४० मुलींना शिकवले. लग्नानंतर त्यांतल्या १/५ मुलींचे शिक्षण टिकले. आणि त्यांतल्या १/४ जणींना शिकवण्याचे काम करू दिले गेले. (आकडे केवळ उदाहरणादाखल.) ग = ४० × १/५ × १/४ = २. शिक्षिका पिढीगणिक दुप्पट होतील. लग्ने आणखी लवकर होऊन १/५ च्या जागी १/१५ आले, तर ग = २/३; शिक्षिका घटत जातील. शिक्षिका तीच, वर्गही तोच, पण ग १ च्या खाली गेला की सारे काम हळूहळू विरून जाते. म्हणूनच मुलींच्या विवाहाचे किमान वय १४ करणारा १९२९ चा आणि ते १८ वर नेणारा १९७८ चा कायदा, हे शिक्षणाचेही कायदे ठरतात.

अशा मांडणीला गणिती प्रतिमान म्हणतात. त्यात जे धरलेले नसते, त्याबद्दल ते काही सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्यात स्त्रियांची साक्षरता सुमारे ७१ टक्के होती, आधीच्या दशकापेक्षा जास्त. परंतु सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ८८४ होत्या, त्या २०११ मध्ये ८५२ झाल्या. गर्भलिंगनिवडीचा अडथळा शाळेच्या दाराआधीचा आहे. वरच्या गुणाकारात तो नाही. साक्षरता वाढली की बाकीचे अडथळे आपोआप दूर होतील, हे गृहीत धरता येत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून एका वर्षी पाचवीत आलेल्या मुली मोजा. त्यांतल्या आठवीत, दहावीत किती पोचल्या ते काढा. मुलग्यांसाठीही तेच करा. सर्वांत लहान अपूर्णांक कोणत्या टप्प्यावर येतो? आकडा फक्त जागा दाखवील. कारण शोधायला मात्र वर्गातल्या मुलींनाच विचारावे लागेल.